मागचा पहिला

तमाम रयतेस कळविण्यात येते की, आपला देश प्रजासत्ताक झाल्यानंतरही मराठवाड्यात एक राजेशाही शाबूत होती. ती वर्षातून एकच दिवस चालायची, सकाळी साडेदहापासून संध्याकाळी पाचपर्यंत, मधल्या सुट्टीसह. तिची राजधानी उदगीरजवळच्या एका खेड्यातली चार खोल्यांची प्राथमिक शाळा, सिंहासन म्हणजे एका पायाखाली वीट घातलेली खुर्ची, आणि तिचे कायमचे प्रधान म्हणजे आमचे हेडमास्तर. मी त्या राज्यात चोपदार होतो. डी.एड. होऊन, नेमणुकीचा कागद घेऊन मी शाळेत रुजू झालो तेव्हा हेडमास्तरांनी तो कागद वाचलासुद्धा नाही. मला वरपासून खालपर्यंत न्याहाळून म्हणाले, "आवाज कसा हाय? 'होश्शियार' म्हणून दाखवा बरं." मी म्हटलं. समोरच्या चिंचेवरचे दोन कावळे उडाले. "कायम झालाव समजा," ते म्हणाले.

हेडमास्तर शिकले निजामाच्या राज्यात, उर्दूतून. राज्य गेलं, पण त्यांच्या शाळेला हे कुणी कळवलं नव्हतं. हजेरीला पोरांनी 'हजर' म्हटलेलं त्यांना चालत नसे, 'हाजिर, जनाब' असंच पाहिजे. घंटेला ते नौबत म्हणत आणि फळ्याच्या ओल्या फडक्याला रुमाल. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, डोक्यावर काळी टोपी, आणि राग आला की तोंडात कानडी. गणिताचा तास बिघडला की "साकु, साकु!" म्हणजे पुरे, पुरे, असं ओरडत ते व्हरांड्यात येत आणि तिथं उभं राहून आभाळाकडं तक्रार करत. आभाळाकडून उत्तर येण्याचे ते दिवस नव्हते.

सहामाही परीक्षा संपली की दिवाळीच्या सुट्टीआधीचा शेवटचा दिवस हा दरबाराचा. इतर शाळांत त्या दिवशी झाडलोट होते, मातीची फळं होतात, एखादं गाणं होतं आणि पोरं घरी जातात. आमच्याकडंही हे सगळं व्हायचं, पण ती फक्त दरबाराची पूर्वतयारी. शेणानं अंगण सारवायचं ते राजमार्ग म्हणून. लग्नपत्रिकांच्या पुठ्ठ्याचा मुकुट करून त्याला चहाच्या पुड्याची चांदी चिकटवायची. राजवस्त्र म्हणून मास्तरांच्या बायकोचा लग्नातला शालू यायचा. तो देताना त्या बाई दरवर्षी म्हणायच्या, "मला एकदा तरी नेसू द्या की वो." मग सगळ्या पोरांच्या नावांच्या चिठ्ठ्या टोपीत टाकून एक काढायची. ज्याचं नाव निघेल तो त्या दिवसाचा राजा. मुलगी असली तरी राजाच. "राणीला कोण विचारतंय?" हे मास्तरांचं राज्यशास्त्र.

राजाला एक फर्मान काढायचा हक्क होता, एकच, आणि ते पाळायला हेडमास्तर बांधील. एका राजानं फर्मावलं, हेडमास्तरांनी कोंबडा व्हावं. पंचावन्न वर्षांचा तो माणूस धोतर आवरून, कान धरून, राजमार्गाच्या मधोमध कोंबडा झाला. वर आरवलासुद्धा. फर्मानात आरवायचं नव्हतं, पण अर्धवट काम त्यांना खपत नसे. दुसऱ्या एका राजानं एकोणतिसाचा पाढा म्हणायला लावला. मास्तर सत्तेवर अडकले. मी मागून हळूच सांगितलं ते चुकीचं निघालं, आणि भर दरबारात पोरांनी आम्हा दोघांना नापास केलं.

पण दरबाराचा खरा मासला पुढंच होता. शेवटी बत्तासे वाटायचे, आणि ते रांगेच्या शेवटापासून. 'मागचा पहिला' हा त्या राज्याचा एकमेव कायदा. परिणाम काय झाला असेल ते तुम्ही ओळखा. रांग लागतच नसे. प्रत्येक जण मागं सरकायचा. रांग सारवलेल्या अंगणातून चिंचेखाली, चिंचेखालून फाटकाबाहेर, तिथून वेशीकडं अशी उलटी चालत जायची. गावातली सगळी पोरं पाठमोरी वेशीकडं निघालेली पाहून एकदा बसच्या ड्रायव्हरनं गाडी थांबवून विचारलं होतं, "काय वो, साथ आली का काय?" अखेर मास्तरांनी पोटकायदा केला: नौबत झाली की जो जिथं तो तिथं. पुढं कुणी हलायचं नाही.

आता आमच्या गावात रांगेची एक जुनी शिस्त होती. विहिरीवर पाण्याला उभं राहायचं तर भीमनगर शेवटी. हे कुणी ठरवलं नव्हतं, म्हणजे सगळ्यांनी ठरवलं होतं. तेच सरपंचांचा नातू दरबाराच्या दिवशी भीमनगरच्या पोरांच्या मागं जागा मिळावी म्हणून रडून गोंधळ घालायचा. सरपंच हे फाटकातून बघायचे आणि दुसरीकडं तोंड करून विडी पेटवायचे. हेडमास्तर स्वतः मात्र रांगेच्या अगदी पुढं, टोपी पसरून उभे. म्हणजे त्यांचा नंबर शेवटचा. बत्तासे त्यांच्यापर्यंत कधीही पोचत नसत. पुडा झटकून ते गर्जायचे, "खजिना रिकामा, राज्य सुखी!" आणि मला "होश्शियार" म्हणावं लागे.

हे खूळ आलं कुठून, ते मला एकदा उदगीरच्या बसस्थानकावर कळलं. बस तीन तास उशिरा होती, एरवी कळलंही नसतं. मास्तर लहान असताना बादशहाच्या, म्हणजे निजामाच्या, गादीला पंचवीस वर्षं झाल्याचा शाही जलसा झाला होता. गावोगावच्या शाळांतली पोरं चालत उदगीरला नेली, उन्हात उभी केली, बादशहाच्या तारिफीचं गाणं म्हणून घेतलं. मग मिठाईच्या पुड्या वाटायला सुरुवात झाली. मास्तर रांगेत शेवटचे. त्यांच्या पुढच्या पोराला शेवटची पुडी मिळाली आणि वाटणारा माणूस हात झटकून म्हणाला, "बस, खतम." हे सांगताना मास्तर हसत होते.

मी म्हटलं, "बादशहाचा राग आला असेल."

"बादशहाचा कशाला? तो बिचारा हैदराबादेत. मला राग आला रांगेचा. दिसायला सरळ असती, पर सुरू कायम एकाच टोकानं होती."

मग बस आली आणि तिच्यात बसायला जागा नव्हती, हे सांगायला नकोच.

त्यांच्या नोकरीच्या शेवटच्या वर्षी दोन गोष्टी एकदम झाल्या: जिल्हा नवा झाला आणि पाऊस झालाच नाही. आमचं गाव जागचं न हलता उस्मानाबाद जिल्ह्यातून उठून लातूर जिल्ह्यात आलं. सहामाहीच्या पेपरात 'तुमच्या जिल्ह्याचे ठिकाण कोणते?' असा प्रश्न होता. पेपर काढणाऱ्यालाच उत्तर ठाऊक नव्हतं, म्हणून मास्तरांनी दोन्ही उत्तरांना अर्धे अर्धे मार्क दिले. हाच प्रश्न पाण्याच्या टँकरलाही पडला होता. विहिरीत चिखल उरलेला, आणि जुना जिल्हा म्हणे, "तुम्ही आता आमचे नाहीत." नवा म्हणे, "तुमचे कागद अजून यायचेत." गावानं सहा अर्ज केले. सहाही अर्ज दोन जिल्ह्यांच्या मधल्या कुठल्यातरी टेबलावर सुखानं नांदत राहिले. तेवढ्यात शाळेला एकाच दिवशी दोन परिपत्रकं आली. एकात दुष्काळामुळं काटकसर करावी असं होतं, दुसऱ्यात नव्या जिल्ह्याचा आनंद जल्लोषात साजरा करावा असं. मास्तरांनी दोन्ही प्रार्थनेच्या वेळी मोठ्यानं वाचून दाखवली आणि निकाल दिला, "काटकसरीनं जल्लोष."

मग त्यांनी सातवा अर्ज स्वतः लिहिला, लाल शाईत. 'हुजुरांच्या तख्ताशी शाळेचा मुजरा' अशी सुरुवात आणि शेवटी नम्र सूचना, की दरबारास येताना हुजुरांनी बक्षिसी म्हणून एक टँकर संगती आणावा. साध्या भाषेतल्या सहा अर्जांना जे जमलं नाही ते या अर्जानं केलं. नव्या जिल्ह्याच्या कचेरीत तो हसत हसत टेबलाटेबलावरून फिरला आणि फिरत फिरत एकदाचा मोठ्या साहेबांपर्यंत पोचला. गंमत बघायला साहेब निघाले. टँकर मागं.

त्या दिवशी सगळं गाव घागरी, कळश्या घेऊन शाळेच्या अंगणात. रांग जुन्या शिस्तीनं लागलेली. पुढं बैलगाडीवर सरपंचांचं टिपाड, एवढं मोठं की त्यात आमची पहिली इयत्ता मावली असती. शेवटी भीमनगरच्या बायका. टिपाडाच्याही पुढं, नेहमीच्या जागी, हेडमास्तर. या खेपेला टोपीऐवजी हातात पितळेचा तांब्या. साहेबांच्या हातून चिठ्ठी काढवली. नाव निघालं भीमनगरच्या सुजाताचं. तिसरीतली, एवढीशी पोर. शालूत ती बुडाली आणि मुकुट नाकावर आला. तिची आई रांगेत सगळ्यात मागं, दोन घागरी घेऊन.

साहेबांनी टँकरला नारळ फोडला. मास्तरांनी मला खूण केली, मी घंटा वाजवली. आणि मग ते खणखणीत आवाजात म्हणाले, "या वर्षी बत्ताशाऐवजी पाणी. कायदा तोच. मागचा पहिला!"

क्षणभर कुणालाच कळलं नाही. कळलं तेव्हा अर्धी रांग घागरी उचलून भीमनगरच्या मागं धावली. जन्मात तिकडं न फिरकलेली माणसं तिकडं जागा धरायला निघालेली बघून मास्तरांचा आवाज चढला, "साकु! नौबत झाली! जो जिथं तो तिथं!" आणि काय सांगू, सगळे परत आपापल्या जागी गेले. त्यातले निम्मे त्यांच्याच हाताखाली शिकलेले होते.

फक्त सरपंच हलले नाहीत. "मास्तर, काय कराय लागलाव हे?" ते म्हणाले. "पोरासोरांचा खेळ पोरात ठिवा. पाणी हाय हे. टँकर पुढून सुटंल."

टँकर एकच, गाव मोठं. शेवटच्या टोकाला काय उरणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. विहिरीवर तर ते रोजच ठाऊक असायचं. मास्तर साहेबांकडं बघू लागले, सरपंच साहेबांकडं बघू लागले. साहेबांनी मग नव्या जिल्ह्याला शोभेल असा निर्णय घेतला. म्हणजे घेतला नाही. हसून म्हणाले, "आज राजा कोण आहे? त्यांनाच विचारा." आठ वर्षांच्या पोरीच्या टेबलावर अशी फाइल आजवर कुणी सरकवली नसेल.

सरपंच खुर्चीजवळ गेले. आवाज एकदम मऊ. "सुजे, तुझा बाप कुणाच्या शेतात सालानं हाय, ठावं हाय न्हवं?"

रांगेच्या टोकाला तिच्या आईनं पदर तोंडात धरला. मी मास्तरांकडं बघितलं. एरवी वर्गात पोरं अडली की हाच माणूस ओठ हलवून उत्तर सांगायचा. पण आज ते तांब्या छातीशी धरून खाली बघत होते. राजाला प्रधानानं पढवायचं नसतं, असा काही कायदा त्यांनी त्याच घटकेला केला असावा. सुजातानं नाकावरचा मुकुट वर केला. टिपाड बघितलं, आई बघितली, मास्तर बघितले. आणि फर्मान काढलं.

त्यानंतर टँकर मागून सुटला. भीमनगरच्या घागरी भरल्या, मग मधल्या गल्लीच्या, मग वरच्या. टिपाडापर्यंत येता येता पाणी संपत आलं आणि त्याचा तळ तेवढा ओला झाला. सरपंचांनी सुजाताच्या बापाला काढलं नाही. साहेबांनी त्याचं नाव वहीत लिहून घेतलं होतं. काय कामाला ते साहेबांनाही ठाऊक नसेल, पण वही उघडलेली सरपंचांनी बघितली होती. आमचे कागदही मग आठवड्याभरात सापडले.

त्या दिवशी हेडमास्तर 'खजिना रिकामा, राज्य सुखी' म्हणाले नाहीत. मी 'होश्शियार' म्हणायला सज्ज उभा होतो, पण ते तांब्यावर तळहात झाकून घराकडं निघाले होते, थेंब सांडू नये अशा चालीनं. पुढं ते निवृत्त झाले आणि उदगीरला लेकीकडं राहायला गेले. मी भेटायला गेलो की राजकारणावर बोलत, आणि मी उठलो की विचारत, "रांग कशी हाय शाळेत?" मी म्हणायचो, सरळ आहे. ते मान हलवायचे. ते गेले तेव्हा मी बाहेरगावी होतो आणि मातीला पोचलो ते सगळ्यात शेवटी. त्यांच्या कायद्यानं तो मान म्हणायचा. मला काही तसं वाटलं नाही.

फर्मान काय होतं, ते मी मुद्दाम मागं ठेवलंय. नाकावरून पुन्हा घसरणारा मुकुट एका हातानं धरून, दुसरा हात रांगेच्या शेवटच्या टोकाकडं करून, भर दरबारात, साहेबांच्या आणि सरपंचांच्या देखत ती पोर ओरडली होती:

"गुरुजी, तुमी पुढं नका हुबारू! तुमाला कवाच काय मिळत न्हाई! माझ्या मायच्या म्हागं येऊन हुबारा!"