बगरूच्या वाटेवर सुटलेलं स्टीअरिंग

आमची जयपूरला बदली झाली तेव्हा सामानाच्या ट्रकमागून सासऱ्यांची जीपही आली. नागपूरला सरकारी लिलावात त्यांनी ती हौसेने घेतली होती. चारही चाकांना जोर देणारी, आवाजाने आख्खी गल्ली उठवणारी. राजा पार्क वस्तीत आमच्या दारात ती उभी राहिली की समोरच्यांची स्कूटरही धड बाहेर निघायची नाही, आणि शिव्या मात्र मला खायला लागायच्या. नवऱ्याने तर जाहीर करून टाकलं होतं, आता एकदा बंद पडू दे, सरळ भंगारात घालतो. पण त्या वर्षी उन्हाळ्यात सासूबाई गेल्या. तेव्हापासून सासरे, म्हणजे बाबा, घरात कुणाशी फारसं बोलत नव्हते, दिवसभर जीपपाशीच असायचे. ती गेली तर हा माणूस सकाळी उठेल कशासाठी, हे आम्हा दोघांनाही दिसत होतं आणि दोघंही त्यावर बोलायचं टाळत होतो.

मी विमा कंपनीत मोटारींचे दावे तपासायची. अपघात झालेल्या गाडीखाली शिरायचं आणि ठरवायचं, अमुक भाग तुटला, की तो नीट लावलाच नव्हता. लावलाच नसेल तर दावा नामंजूर. लोक गयावया करायचे, ओळखी काढायचे, मी काही बधायची नाही. माझं माहेर पुण्याचं, त्यामुळे पुणेरी खाक्या म्हणून ऑफिसात माझी चेष्टा चालायची आणि खरं सांगायचं तर ती मला आवडायची.

दिवाळीच्या आधी एका रविवारी मला बगरूहून छापाच्या चादरी आणायच्या होत्या. नवरा दौऱ्यावर होता. बाबा म्हणाले, जीप काढतो. मी बसने जाते म्हणेपर्यंत त्यांनी ती दारात आणलीसुद्धा. हायवे सोडून छपाईवाल्यांच्या वस्तीकडे वळलो तशी वाट रेताड झाली. बाबांनी खुशीत येऊन चारही चाकांचा गिअर टाकला. पुढे वाट डावीकडे वळत होती. त्यांनी स्टीअरिंग डावीकडे फिरवलं आणि जीप सरळच गेली. त्यांनी ब्रेक दाबला, जीप रेतीत रुतत थांबली. समोर थोड्याच अंतरावर ओल्या चादरी जमिनीवर वाळत पसरल्या होत्या.

बाबांचे हात स्टीअरिंगवरच होते. ते एका बोटाने फिरत होतं, त्याला कसलाच जोर उरला नव्हता. चादरींपाशी काम करणारा एक माणूस पळत आला, कहीं लगी तो नहीं, असं विचारून गेला आणि परत येताना एक खाट आणि पाण्याची लोटी घेऊन आला. दोन्ही सावलीत ठेवून तो आपल्या कामाला लागला.

रेतीत बाबांना गुडघे टेकवून खाली शिरणं जमेना, म्हणून ओढणी कमरेला बांधून मीच जीपखाली शिरले. वरून त्यांना स्टीअरिंग फिरवायला सांगितलं. त्याखालचा दांडा फिरत होता, म्हणजे वरचं सगळं शाबूत. त्यापुढचा आडवा दांडाही मागेपुढे होत होता. पण त्याचं चाकाकडचं टोक चाकाला धरून नव्हतं, मोकळं लोंबत होतं. त्या टोकावरचा सांधा नवा कोरा होता. नवरात्रात बाबांनी स्वतः बदललेला.

"काय दिसून राहिलं?" बाबांनी वरून विचारलं.

मी आणखी आत सरकले. सांध्याच्या खिळीवरचा नट पडून गेला होता. आटे मात्र धड होते. नट सैल होऊ नये म्हणून खिळीला आरपार भोक असतं आणि त्यात तारेची पिन घालून तिची टोकं वाकवतात. ती तुटली असती तर तिचा तुकडा भोकात अडकून राहिला असता. भोकातून मला पलीकडचं ऊन दिसत होतं. पिन तिथे कधी लागलीच नव्हती.

आडवी पडल्या पडल्या मी चक्क खोटं जुळवायला लागले. पिन तुटली म्हटलं की कुणाचाच दोष नाही. नवऱ्यालाही तेच सांगता येईल. पण मग उद्या बाबा पुन्हा एकटेच काहीतरी खोलतील, एकटेच लावतील. मला भीती वाटली, आणि ती जीपची नव्हती.

बाहेर येऊन मी म्हणाले, "बाबा, पिन लावायची राहिली होती."

ते खाटेवर जाऊन बसले. मग हळूहळू सांगायला लागले. नट आवळून झाला तेव्हा खंडेनवमी लागली होती. पूजेला हत्यारं मांडायची, त्या दिवशी त्यांना हात लावायचा नाही. म्हणून पान्यांबरोबर पिनही त्यांनी देवापुढे ठेवली. दरवर्षी दसऱ्याला सासूबाई पूजा उचलायच्या, एकेक वस्तू पुसून बाबांच्या हातात द्यायच्या. यंदा बाबांनीच उचलली. बारीकशी पिन, फुलांबरोबर निर्माल्यात गेली असणार.

"अन् तुझी सासू विचारायची," ते म्हणाले. "कधीही गाडीखालून निघालो की स्वयंपाकघरातूनच विचारे, काही उरलं तं नाही ना? मले राग यायचा. मी काय नवशिका आहो? पण विचारलं की मी पुन्हा वाकून पाहायचो."

एवढं बोलून त्यांनी किल्ली माझ्यापुढे धरली. तू चालव, म्हणाले, आणि तुझ्या नवऱ्याला सांग, विकायची तर विक.

मला रडूही आलं आणि रागही. किल्ली मी घेतली नाही. जीपच्या पेटीतून जुना नट शोधून काढला. छपाईवाल्याकडून जाड तार मागून आणली. दोन्ही त्यांच्या हातात देऊन म्हटलं की लावा, मी बघते. गुडघ्यांचं काय, असं ते म्हणाले. मी खाटेवरची गोधडी जीपखाली अंथरली आणि त्यांना आधार देत खाली झोपवलं.

त्यांनी लोंबणारं टोक जागेवर बसवलं, नट आवळला, तार भोकातून ओवली, पक्कडीने टोकं वाकवली. मग पाने एकेक करून बाहेर सरकवले. आता ते निघणार, तेवढ्यात मी वाकून विचारलं, "बाबा, काही उरलं तं नाही ना?"

त्यांचे पाय तेवढे दिसत होते.

"अजून एक डाव विचार," ते म्हणाले.

मी विचारलं. त्यांचा हात पुन्हा तारेकडे गेला.