साडूचे शॉकअप

माझ्या साडूइतका सुखी माणूस अख्ख्या रायगड जिल्ह्यात सापडायचा नाही, आणि त्याबद्दल मी त्याला अजून माफ केलेलं नाही. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. मी खारघरला टॉवरमध्ये राहतो, वेळेवर ऑफिसला जातो, वेळेवर परततो, आणि माझ्याकडे येणारा पाहुणा आधी फोन करून येतो. तो पनवेलजवळ नेऱ्याला राहतो आणि त्याच्या दाराशी घरातल्या माणसांपेक्षा चपला कायम जास्त असतात. थंडीत त्याच्या शेतावर मडक्यात शेंगा भाजायची पोपटी लागली, की वालाच्या शेंगांच्या वासावर माणसं आपोआप जमतात. तीच पोपटी मी एकदा आमच्या गच्चीवर लावायला गेलो, तर सोसायटीचे सेक्रेटरी आग विझवायचं नळकांडं घेऊन धावत आले. साडूला कुणी परकं वाटतच नाही. टोलनाक्यावर काच खाली केली, की पावती हातात पडेपर्यंत आतल्या माणसाच्या मुलीचं लग्न कुठे अडलंय ते त्याला कळलेलं असतं, आणि मागच्या गाड्या हॉर्न वाजवून बेजार झालेल्या असताना हा शांतपणे स्थळ सुचवत असतो. चिडलेल्या माणसाकडे तो जिताडा घेऊन जातो. "हातात मासा आल्यावर मानूस भांडत नाय, साडूभाऊ," हे त्याचं तत्त्वज्ञान. "हात गुंततात ना!"

या सगळ्यावर कडी म्हणजे त्याची गाडी. नेऱ्यातला एक फार्महाऊसवाला मुलाकडे परदेशी कायमचा निघाला, तेव्हा जपानहून मागवलेली आपली जुनी गाडी याला जवळजवळ देऊनच गेला. कारण काय, तर हा येताजाता त्याच्या कुत्र्याशी गप्पा मारायचा. साडू त्या गाडीला 'जपानीण' म्हणतो. माझी कोरी गाडी हप्ते फेडत उन्हात उभी, पण सासरे बसणार ते जपानिणीतच. सासऱ्यांचा जन्म मिठागरावर गेला. पाठ ताठ आणि बोलणं मोजकं. साडूला ते 'पोरा' म्हणतात, मला 'साहेब'. माझ्या घरी ते सोफ्याच्या अगदी कडेला बसतात, बँकेत आपला नंबर कधी पुकारतात याची वाट बघत बसावं तसे.

गेल्या वर्षी सासऱ्यांची कंबर धरली. हादरे बसू देऊ नका, असं डॉक्टरांनी बजावलं. आणि इकडे उरणकडच्या गावात त्यांची थोरली बहीण अंथरुणाला खिळली. "एकदा बगून येतो तिला," एवढंच ते म्हणायचे. त्यातच जपानिणीचे शॉकअप गेले. खड्डा तर सोडाच, रस्त्यावर पडलेल्या पोत्यावरून गेली तरी आतल्या माणसाचे दात वाजायचे. मी तत्परतेने म्हटलं, "मामा, माझी गाडी आहे ना. उद्याच निघू." सासरे माझ्याकडे न बघताच म्हणाले, "नको साहेब, तुमची नवी हाय. पोराची होऊ दे नीट." त्या क्षणी माझ्या मनात एकच इच्छा होती. त्या गाडीचे शॉकअप पृथ्वीच्या पाठीवर कुठेही मिळू नयेत.

आणि मिळत नव्हतेच. शोरूममधल्या माणसाने जपानहून मागवायची किंमत सांगितली, तेव्हा साडू इतका मनापासून हसला, की तो माणूसही हसू लागला आणि शेवटी त्यानेच आम्हाला चहा पाजला. मग साडूने गाडी गॅरेजमध्ये टाकली, एक गळका शॉकअप काढून टॉवेलात गुंडाळला, आणि तान्ह्या बाळासारखा खांद्याशी धरून तो जाईल तिथे दाखवत सुटला. भंगारवाले झाले, कंटेनरचे ड्रायव्हर झाले, द्रोणागिरीच्या गोदामांवरचे वॉचमन झाले. एका हळदीला तर डीजे दणाणत असताना त्याने तो नवऱ्या मुलाच्या मामांच्या मांडीवर ठेवला. मी लाजून दुसरीकडे बघायला लागलो. पण मामा तो निरखून म्हणाले, "असली गाडी आमच्या गावात हाय. मालक वारला तिचा. पन बाई इकत नाय. लय जनांनी इचारून बगितलं."

विकत नाही, हे ऐकल्यामुळे मी मोठ्या उत्साहाने सोबत गेलो. खाडीकाठचं गाव. अंगणात ताडपत्रीखाली हुबेहूब तीच गाडी आणि ओट्यावर सुकट निवडत बसलेली साठीची कोळीण. साडूने शॉकअपचा विषयच काढला नाही. ताडपत्रीचा कोपरा उचलून तो म्हणाला, "मावशी, हिच्यात बसू का जरा?" ती बघतच राहिली. मग हात पुसून उठली आणि स्वतःच आत जाऊन बसली. साडू स्टिअरिंगपाशी, ती शेजारी, मी मागे, अशी आमची उभ्या गाडीतली सहल सुरू झाली. तिचा नवरा बोटीवर तांडेल, म्हणजे खलाशांचा म्होरक्या होता. हौसेने जुनी गाडी घेतली म्हणून गाव हसलं. रोज संध्याकाळी तो तिला बंदरापर्यंत न्यायचा, आणि पेट्रोल जळतं म्हणून ती येताजाता भांडायची. "मुंबईवरनं नवीन शॉकअप आनून बसवले," ती म्हणाली. "एकदाच फिरलो मंग. मांडीवरच्या तांब्यातला पानी हालला नाय. आनि त्याच आठवड्यात हे गेले." मी मागून साडूला दोनदा ढोसलं. तो नुसता 'हं, हं' करत ऐकत होता. अखेर तिनेच विचारलं, "कशाला आलाव, ते तरी सांगा." त्याने सरळ सांगितलं: सासऱ्यांची कंबर, त्यांची बहीण, सगळं. तिने समोरच्या काचेवरची धूळ पदराने पुसली. "बहिनीला बगायला जायाचं हाय ना? मंग ने. पन माझी गाडी पांगळी दिसता नये."

दुसऱ्या दिवशी साडू गॅरेजवाल्याला घेऊन गेला. तिचे शॉकअप काढले, आपले जुने तिच्या गाडीला बसवले, तिची गाडी धुतली, चाकांत हवा भरली आणि काचा लखलखीत पुसल्या. पैशांना तिने हात लावला नाही. जिताडा घेतला, आणि तो कालचा आहे म्हणून साडूला खडसावलं. त्याच्या जागी मी असतो तर दारातच किंमत विचारली असती आणि दारातूनच परत आलो असतो, हे मला कळत होतं. म्हणून मी आणखीच जळत होतो.

पुढच्या रविवारी आम्ही तिघे निघालो. सासरे अर्थातच पुढे, साडूशेजारी. बहिणीच्या खाटेवर बसून ते तिचा हात हातात धरून राहिले. निघताना ती म्हणाली, "आता बरा वाटला." परतताना सासरे थकले होते. पुढची सीट सरकवून पाय जरा लांब करता यावेत म्हणून ते मागे, माझ्याशेजारी येऊन बसले. गव्हाण फाटा ओलांडेपर्यंत त्यांचा डोळा लागला, आणि हळूहळू त्यांचं डोकं माझ्या खांद्यावर येऊन टेकलं. एरवी माझ्यासमोर पाठ न टेकणारा माणूस. मी श्वाससुद्धा बेताने घेत होतो. रस्ता खराबच होता, पण जपानीण होडीसारखी तरंगत चालली होती.

साडूने आरशातून पाहिलं. एकदा, मग पुन्हा एकदा. पळस्पे आलं. मग अगदी हळू आवाजात म्हणाला, "साडूभाऊ, माझ्या खांद्यावर कदी झोपले नाय हो ते."

पनवेल जवळ आलं होतं. त्याने गाडीचा वेग आणखी कमी केला.