बाईंचा उजवा हात

फिलोमिनाबाई नसत्या तर मी आज हे लिहूच शकलो नसतो. महिन्यापूर्वी त्यांच्या भाचीचा फोन आला, "बाई गेल्या..." आणि मला आधी आठवला तो त्यांचा वाकडा राहिलेला उजवा हात. तो माझ्या बाबांनी मोडला होता.

रत्नागिरीत बाई आम्हाला चौथीला शिकवत. सप्टेंबरात त्यांच्या चर्चमध्ये मारियामातेच्या जन्माचा सण असे. नऊ दिवस मुलं फुलं नेत आणि मातेच्या मूर्तीवर उधळत. वर्गातल्या आम्हा हिंदू मुलांनाही बाई बोलवत. अट एकच, फुलं विकतची नकोत, घरची हवीत. आमचं घर किनाऱ्यावर, वाळूत. तिथे कसली फुलं? आठ दिवस मी रिकाम्या हातानं गेलो. "काय रे, आज बांगडे उधळणार काय?" पोरं चिडवायची. नवव्या दिवशी मी बाबांच्या होडीच्या टोकाला बांधलेला झेंडूचा हार सोडून नेला. होडी घरचीच होती ना!

आम्ही चर्चच्या अंगणात रांगेत उभे असताना बाबा ओला दोर घेऊन आले. होडीचा हार काढला की दर्या कोपतो असं ते मानत, आणि त्याच आठवड्यात त्यांचं जाळं खडकात फाटलं होतं. पहिला फटका पाठीवर, दुसरा कानावर. मी पडलो तर केस धरून उचललं आणि पुन्हा आपटलं. पोरं किंचाळत पळाली, टोपल्या पायांखाली चिरडल्या.

"होडीचा हार काढलान ह्यानं! आता जित्ता नाय ठेवत!"

बाई मध्ये आल्या. "घरची फुलं आण, असं मीच सांगितलं होतं. मारायचं तर मला मारा."

"बाई, बाजूला व्हा, सांगतोय..."

त्या हलल्या नाहीत. बाबांनी दोर टाकला आणि मांडवाचा बांबू उचलला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. बाबांनीही ऐकला असावा, कारण ते थांबले.

लोक पोलिसांकडे निघाले होते. बाईंचा चेहरा पांढराफटक पडला होता, तरी त्या बाबांना म्हणाल्या, "तक्रार करत नाही. पण शिक्षण संपेपर्यंत पोरगा होडीवर जायचा नाही. कबूल?" चौथी झाली की मला होडीवर घ्यायचं ठरलेलं होतं. बाबांनी खाली बघत मान हलवली, आणि शब्द पाळला. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. आता जयगडच्या बंदरात नोकरी करतो.

परवा भाचीनं मला एक पाकीट दिलं. गेल्या वर्षी मी बाईंना लिहिलेलं पत्र त्यात होतं. ते मिळाल्यावर बाईंनी मला आणि माझ्या मुलाला, निशांतला, रविवारी बोलावलं होतं. त्याला शेजारी बसवलं; मला मात्र माझं सगळं बोलून होईपर्यंत उभं ठेवलं. त्यानंतर माझा हात उठलेला नाही. पत्र असं होतं...

"तीर्थस्वरूप बाईंना सा. न.

परवा मी निशांतला पट्ट्यानं मारलं. त्यानं माझा मोबाइल पाण्यात पाडला, एवढंच. तो पलंगाखाली शिरला, तर पाय धरून बाहेर ओढला. त्याची आई सविता मध्ये आली. तिच्या कपाळाला बक्कल लागून रक्त आलं, तरी मी मारतच राहिलो. बाबा निदान थांबले होते.

निशांत माझ्याकडे बघत नाही. मी काय केलं ते मला त्याच्यासमोर बोलायचं आहे, पण घरात तोंड उघडत नाही. त्याला घेऊन तुमच्याकडे येऊ का?

तुमचा,
सुधीर"