चहा आला की कॅमेरा बंद

आमच्या घरी जो मुलाखतीचा कार्यक्रम चालतो, त्यात प्रश्न विचारणारा मी आहे. हे आधीच सांगून ठेवतो, कारण परवा सात रस्ता चौकातल्या झेरॉक्सच्या दुकानात एक बाई मला म्हणाल्या, "तुम्ही त्या मुलाखतवाल्या वहिनींचे मिस्टर ना?" कागद तिथंच टाकून निघावंसं वाटलं.

कल्पना माझी. मोबाईलचा स्टँड माझा, कॉलरला लावायचा माईक माझा, आवाज घुमू नये म्हणून भिंतीला खिळे ठोकून टांगलेली चादरसुद्धा माझीच. बायकोचं काम एकच, चहा आणायचा. आणि चहा आला की मी कॅमेरा बंद करायचो. कपबशीचा आवाज माईकमध्ये फार खणखणतो, शिवाय पाहुणे फुर्र करून पिताना दाखवणं मला बरं वाटायचं नाही. चहा झाला, तोंड पुसून झालं, की पुन्हा चालू.

मोठ्या शहरातले असले कार्यक्रम बघून बघून मी माझी पद्धत बसवली होती. पंखा बंद, अंगात कोट, आवाज जरा खाली नेलेला. "आपल्या जीवनप्रवासाकडे मागे वळून पाहताना आपणांस काय वाटतं?" एप्रिलच्या सोलापुरात पंखा बंद करून असं विचारलं की माणूस घाम पुसतो आणि म्हणतो, "बरं वाटतं."

एसटीतून निवृत्त झालेले एक कंडक्टर आले होते, तेव्हाची गोष्ट. चहा आला आणि तेवढ्यात दारात गॅसवाला. त्या गडबडीत कॅमेरा बंद करायचा राहिला. नंतर बघतो तर काय, बायको हात पुसत विचारतेय, "काका, मुक्कामाची गाडी असली की जेवायचं कुठं हो?" आणि माझ्यापुढं नुसतं 'बरं वाटतं' म्हणणारा तो माणूस सुटला की! कुठल्या गावात कुठली म्हातारी गरम भाकरी द्यायची, ती गेल्यावर त्या गावात यांना घास कसा उतरेना, सगळं सांगितलं. सांगता सांगता डोळ्यांतून पाणी. चहा तसाच गार.

तो तुकडा मी तसाच नेटवर टाकला आणि पायावर धोंडा पाडून घेतला. आमचा सगळ्यात जास्त बघितला गेलेला भाग तोच. खाली कमेंट, "वहिनींना विचारू द्या." "वहिनी एक नंबर." एकानं तर "सर, थोडं कमी बोला" असं लिहून पुढं हात जोडल्याचं चित्र टाकलं होतं. वर हा शहाणपणा!

माझा नुसता जळफळाट झाला. उगाच सभ्य शब्द कशाला शोधू? हेवा वाटला, आणि तोही स्वतःच्या बायकोचा. मी आठवडाभर प्रश्न काढायचे, आणि हिनं गवारी मोडता मोडता एक विचारायचा.

तेव्हापासून चहा आला तरी कॅमेरा चालूच ठेवायला लागलो. हिच्यासारखं विचारायचंही ठरवलं. पुढच्या पाहुण्या निवृत्त नर्सबाई. त्या बसल्या न बसल्या तोच मी विचारलं, "माहेर कुठलं?" बाई चपापल्या. म्हणाल्या, "ते कशाला पाहिजे तुम्हाला?" तोच प्रश्न चहा देताना बायकोनं विचारला, तर बाई माहेरच्या विहिरीपासून जे सुरू झाल्या ते थांबेचनात. मी आपला बिस्किटं खात बसलो.

त्यानंतर अक्कलकोटकडच्या, शेंगाचटणी करून विकणाऱ्या एक बाई आल्या. बायकोचं माहेरही तिकडचंच, मैंदर्गी. दोघींनी एकदम कन्नडच सुरू केलं. हसतायत काय, टाळ्या काय देतायत, माझ्याकडं बघून परत हसतायत. मला कन्नड ओ की ठो येत नाही. "काय म्हणाल्या त्या?" मी विचारलं. "काही नाही हो, आमचं आपलं." आमचं आपलं! आणि मग मी कोण?

हेही गिळलं असतं मी. पण पुढं अप्पांची मुलाखत झाली.

अप्पा म्हणजे माझे वडील. तरुणपणी ते वस्तीतल्या गायन पार्टीत गायचे. चौदा एप्रिलच्या जयंतीला पहिलं गाणं त्यांचं असायचं. पार माढ्याकडून पार्टीला बोलावणं यायचं. मी शाळेत जायच्या आधीच त्यांनी गाणं सोडलं. का, ते कुणालाच सांगितलं नाही, आईलासुद्धा नाही. जुनी माणसं भेटली की अजून म्हणतात, "तुझ्या बापाचा काय आवाज होता रे!" आणि मला तो आठवतसुद्धा नाही. खरं सांगतो, मी माईक आणला तो या एका प्रश्नासाठी. बाकीचे पाहुणे म्हणजे माझा सराव.

गेल्या महिन्यात ते एकदाचे तयार झाले. इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून खुर्चीत बसले. मी कोट घातला नाही, पंखा चालू ठेवला. इतकं तर मी शिकलो होतो.

"अप्पा, गाणं का सोडलंत?"

"सुटलं."

"पण कशामुळं?"

"वय झालं."

"अहो, तिशीचेसुद्धा नव्हता तेव्हा तुम्ही!"

"मग कामं असायची की."

तेवढ्यात बायको चहा घेऊन आली. ट्रे ठेवला, खाली सतरंजीवर टेकली आणि म्हणाली, "मामा, तुमच्या मागं कोरसला कोण कोण असायचं हो?"

अप्पांचा चेहरा हलला. मला दिसलं ते. आता हे हिला सांगणार, हे कळलं आणि माझं डोकंच फिरलं. एवढा एक प्रश्न तरी माझा राहू दे की!

"तूच विचार," मी उठलो.

"अहो, चिडताय काय?"

"चिडलोय कुठं? साखर कमी आहे. दुसरा करून आणतो." चहा मी तोंडाला लावलाही नव्हता.

स्वयंपाकघरात जाऊन पातेलं ठेवलं. गॅस पेटवला नाही. सगळं लक्ष बाहेर.

"एक पोरगा हुता," अप्पा सांगत होते. "मीच आनला त्याला पार्टीत, मीच शिकिवला. एका जयंतीला एक कडवं म्हनायला दिलं त्याला, तर लोकं हुबी राहिली की! मग जाईल तितं त्यालाच गाऊ द्या म्हनाय लागली. त्याच्या मनात कायसुदिक न्हवतं. 'दादा, तुमी गावा, मी मागं हाय,' म्हनायचा."

"मग?"

"मग काय पोरी. लई जळलो मी. सोसंना. सांगितलं, घसा गेलाय, डाक्टरनं गाऊ नगं म्हनलंय. कसला डाक्टर न् कसलं काय! त्यो बिचारा घरी यायचा, आल्याचा काढा घिऊन. मी गप प्यायचो."

मी असतो तर तिथंच विचारलं असतं, पश्चात्ताप होतो का म्हणून. तिनं नुसता कप पुढं सरकवल्याचा आवाज आला, आणि अप्पा आपणहून पुढं बोलले.

"त्याच्या मयताला गेलो, तर त्याची बायकू म्हनली, 'शेवटापतोर म्हनत हुते, दादांचा घसा बरा व्हायला पायजे हुता.'"

मी बाहेर आलो. बायको अजून सतरंजीवरच होती. माझ्या खुर्चीत कुणी बसलं नव्हतं. कॅमेरा चालू होता.

"कुटं गेला हुतास?" अप्पांनी विचारलं.

"चहा करायला."

त्यांनी माझ्या रिकाम्या हातांकडं बघितलं.

"बस हितं," ते म्हणाले. "मी बी असंच कायतरी सांगून उटलो हुतो."