डॉटर शब्दाचं कार्ड

दिगंबर सरांनी बत्तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं आणि घरी बुटांच्या खोक्यात शब्दांची कार्डं साठवली. वर इंग्रजी शब्द, खाली त्याची आई, आजी, पणजी. वारज्याच्या त्यांच्या फ्लॅटवर आलेल्या पाहुण्याला चहाच्या आधी एखाद्या शब्दाचं मूळ ऐकावं लागे. जांभई दिली तर, "आपण कॉलेजात शिकायला जात होतात की डबा खायला?"

दोन वर्षांपूर्वी सर विसरायला लागले. आधी गॅस, मग घराचा मजला, मग माणसं. कार्डं मात्र तोंडपाठ.

लेक नीरजा. मनाविरुद्ध लग्न केलं म्हणून नऊ वर्षं सर तिच्याशी बोलले नव्हते. शेवटी सरांच्या पत्नी कुसुमताईंनीच तिला फोन केला. "बाबा आता रागही विसरलेत. ये."

पंधरवड्यानंतरच्या रविवारी येते म्हणाली. सरांनी तिला एकदा तरी ओळखावं, एवढंच कुसुमताईंचं मागणं होतं. नीरजाचा फोटो दाखवला की सर विचारत, "या बाई कोण?" मग कुसुमताईंनी फोटो ठेवून दिला आणि रोज जेवणानंतर सरांच्या हातात 'डॉटर'चं कार्ड द्यायला सुरुवात केली. सर वाचत, "डॉटर. जुन्या इंग्रजीत दोहतोर. जर्मन टॉख्टर ही बहीण. ग्रीक थुगातेर, संस्कृत दुहिता या लांबच्या मावश्या. या सगळ्यांची मूळ आई कुणी लिहून ठेवली नाही, ती अंदाजानेच."

"अहो, आणि आपली डॉटर कोण?"

पंधराव्या दिवशी सर म्हणाले, "नीरजा."

कुसुमताई स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून उभ्या राहिल्या.

रविवारी नीरजा आली. केसांत पांढरं दिसत होतं. ती समोर बसली, तसं कुसुमताईंनी घाईघाईने कार्ड सरांच्या हातात दिलं. सर ताठ झाले. चष्म्यावरून तिच्याकडे पाहत म्हणाले, "वही आणलीत?"

नीरजाने आईकडे पाहिलं. कुसुमताईंना तेव्हा कळलं. पंधरा दिवस त्या बापाला जागवत होत्या, जागा झाला तो मास्तर. त्यांनी लेकीला मानेनेच 'लिहून घे' अशी खूण केली.

डॉक्टरांच्या चिठ्ठीच्या पाठीवर नीरजाने सगळं लिहून घेतलं. दोहतोर, टॉख्टर, थुगातेर, दुहिता. सरांनी कागद डोळ्यांजवळ धरून तपासला.

"अक्षर चांगलं आहे. कुणाची मुलगी तुम्ही?"

"इथलीच, सर," नीरजा म्हणाली.