दुसऱ्या फेरीतला सत्कार

बॉक्सिंगमधली सगळ्यात सुरक्षित जागा म्हणजे भाईंदरच्या जेसल पार्कमधल्या आमच्या इमारतीच्या तळमजल्यावरचा सोफा. तिथे बसून मी गेली तीन वर्षं जगज्जेते ठरवतोय. अमेरिकेत शनिवारी रात्री लढत होते तेव्हा आमच्याकडे रविवारची सकाळ असते आणि तळमजल्यावरच्या शेठकडे भिंतभर टीव्ही आहे. शेठच्या घरात अंडंसुद्धा येत नाही, पण दुसऱ्याचं नाक फुटताना बघत फाफडा खायला त्यांची काही हरकत नसते. शेठ, मी आणि तिसऱ्या मजल्यावरचा एसी दुरुस्त करणारा, एवढंच आमचं आंतरराष्ट्रीय मंडळ.

हा तिसऱ्या मजल्यावरचा मूळचा उत्तनजवळच्या चौक गावचा, म्हणून शेठनी त्याचं नाव चौकवाला ठेवलं. आमच्यात खरोखर ग्लोव्ह घालून मार खाल्लेला तो एकटाच. त्यामुळे साहजिकच सगळ्यात कमी तोच बोलतो.

एका रविवारी बारा फेऱ्यांची विजेतेपदाची लढत झाली आणि निकाल लागला दोन विरुद्ध एक. दोन जजनी जुन्या विजेत्याला कौल दिला, एकाने आव्हान देणाऱ्याला. शेठ ताडकन उभे राहिले.

"सब बिके हुए हैं! सातवा राउंड किसका था, बोलो ना!"

सातव्या फेरीत शेठ दारात इस्त्रीवाल्याशी हुज्जत घालत होते. पण तज्ज्ञ माणसाला प्रत्यक्ष बघायची गरज नसते.

"आंधळे आहेत तिघंही," मी त्यांच्यापेक्षा वर आवाज चढवला. "असल्यांच्या हातात पेन्सिल देतं कोण?"

चौकवाला पाणी प्यायला आणि निसटत्या निकालानंतर नेहमी म्हणतो तेच म्हणाला, "माझं पण असंच केलेलं, सर. भाईंदर पूर्वेच्या मैदानात, फायनलला. दोन-एक. एका जजने माझी मॅच खाल्ली."

तीन वर्षांपूर्वी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा फाफडा माझ्या घशातच अडकला होता. कारण तो जज मी होतो.

त्या फायनलच्या वेळी मी शाळेत पीटी शिकवत होतो. स्पर्धेला एक जज कमी पडला. पीटीच्या सरांना सगळे खेळ येतात, या थोर समजुतीवर आयोजकांनी मला खुर्चीत बसवलं. फायनलच्या दुसऱ्या फेरीत प्रमुख पाहुणे आले. दोन तास उशिरा, म्हणजे त्यांच्या मानाने वेळेवर. आपल्याकडे रिंगमध्ये माणूस पडला तरी चालेल, सत्कार थांबत नाही. लगेच माइकवर घोषणा झाली, "आता पाहुण्यांच्या हस्ते मान्यवर पंचांचा सत्कार!" स्टेजच्या सर्वात जवळ मी. उठलो. खांद्यावर शाल पडली, हातात नारळ आला. फोटोवाला म्हणाला, "सर, जरा इकडे बघा." मी बघितलं. पाठीमागे दोन पोरं एकमेकांना बडवत होती. मी परत बसलो आणि घंटा झाली. बाकी दोघा जजचा सत्कार मग मधल्या विश्रांतीत झाला, ते नशीबवान. निळ्या कोपऱ्यातल्या पोराच्या नाकातून रक्त येत होतं, म्हणून नारळ मांडीवर ठेवून मी ती फेरी लाल कोपऱ्याला देऊन टाकली. निळा हरला. माझ्याच कार्डाने.

आता तो निळा माझ्या शेजारी फाफडा खात होता. त्याने मला ओळखलं नव्हतं. तेव्हा मला केस होते. आणि रिंगमधला माणूस जजचं तोंड कशाला लक्षात ठेवील? मी मात्र तेव्हापासून जगातल्या यच्चयावत जजना सर्वांत मोठ्या आवाजात शिव्या देत आलोय. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच. वरून दरवर्षी गावच्या सणाला तो मला चौकला घेऊन जायचा, त्याची आई तळलेले बोंबील वाढायची आणि वाढता वाढता त्या जजच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. मी मान डोलवत खायचो. बोंबील छान असायचे, हे वाईट.

हे असंच निभावलं असतं. पण त्या रविवारी चौकवाला म्हणाला, "सर, पुढच्या रविवारी माझ्या बॉक्सिंग क्लासच्या मुलांच्या स्पर्धा हायत. एक जज कमी पडतोय. तुम्ही बसा."

"मी?"

"एवढं कळतं तुम्हाला. डोळे उघडे ठेवणारा एक तरी जज पाहिजे ना."

"बराबर है!" शेठ म्हणाले. "मास्तरसे बढ़िया कौन?"

तीन वर्षं केलेल्या आरडाओरड्याचं हे बक्षीस. मी उठलो आणि त्याला घेऊन खाडीकडे चालायला गेलो. हा माणूस गेला तर माझे रविवार गेले, हे मला अगदी स्पष्ट दिसत होतं. आणि न सांगता त्या खुर्चीत परत बसायची लाजही वाटत होती. खाडीच्या कट्ट्यावर बसून मी सगळं सांगितलं. शाल, नारळ, फोटो, सगळं.

त्याने विचारलं, "नारळ कसा होता?"

"काय?"

"चांगला निघाला का?"

"नासका," मी म्हणालो. तो खरंच नासका निघाला होता.

तो हसला नाही. खाडीकडे बघत म्हणाला, "सर, ती फेरी मी हरलेलोच. बापूस बोललेला, होडी किनाऱ्याला लागली की येतो. माइकवर पाहुणे आले, पाहुणे आले चाललेलं. गेटवर लोक आत येत होते, मला वाटलं, बापूस आला. मी वळून बघितलं. तेवढ्यात त्याने तीन मारले." त्याने नाकावरून बोट फिरवलं. "बापूस आलाच न्हाय. होडीला उशीर झालेला. रात्री घरी आला नि विचारलं, जिंकलास काय? मी काय सांगू, तुलाच बघत होतो म्हणून? सांगितलं, जजने खाल्लं."

"मग?"

"मग काय. मरेपर्यंत गावभर सांगत होता, माझ्या पोराला फसवलं न्हायतर तो जिंकलेला. लय ऐटीत सांगायचा." तो उठला. "आईला सांगू नका, सर. तिच्याकडे त्याचं तेवढंच हाय."

पुढच्या रविवारी मी खुर्चीत बसलो. सत्कार स्पर्धेआधीच उरकून घ्या, अशी अट घातली होती. आयोजकांना ती फार विचित्र वाटली.

त्यानंतरच्या सणाला आम्ही दोघं बसने चौकला गेलो. त्याच्या आईने ताटं मांडली आणि बोंबील वाढता वाढता नेहमीचं सुरू केलं.

"माज्या पोराला फसवला त्यानी. सर, तुमी शालेत पीटीचे सर होते ना? तो मेला जज कोन, तुमी वलखता काय?"

चौकवाल्याने भाकरीवरून मान वर केली नाही. मी काटा काढून ताटाच्या कडेला ठेवला.

"ओळखतो, मावशी. चूक त्याचीच होती. तो बघतच नव्हता."

"बग!" ती मुलाला म्हणाली. "बापूस तुजा हेच सांगायचा."

आणि तिने समाधानाने आणखी दोन बोंबील माझ्या ताटात वाढले.