आम्ही गोणीत भरलेली नदी

वाहत्या पाण्यातला दगड कधी उलटून बघितलाय? नसेल तर आधी तेच करा, बाकीचं नंतर! आमच्या तलासरीकडच्या नदीत पाऊस सरला की पाणी घोट्याएवढं होतं आणि दगडांवरून खळखळत जातं. तिथे एका दगडाखाली मला किडे सापडले, वाळूचे कण चिकटवून केलेल्या घरात राहणारे! काही तर चक्क जाळं विणून बसलेले, तोंड प्रवाहाकडे. म्हणजे पाणीच त्यांना घरपोच डबा आणून देतं! मी बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला होते. प्रोजेक्ट तिथेच ठरला: या नदीत कोण कोणाला खातं.

आणि मग मीच त्याची वाट लावली.

कॉलेजचं श्रमदान होतं, गोण्यांचा बंधारा घालायचा. जरा कुठे झिरपलं की आम्ही चिखल लिंपायचो, मागे साठलेलं तळं भरत आलं की वर अजून एक थर. थेंबभर पाणी खाली जाऊ दिलं नाही! वर सेल्फी.

आठवड्याने बंधाऱ्याच्या खाली गेले, तर दगड कोरडे. एका डबक्यात हिरवं शेवाळ आणि डासांच्या अळ्या, बस. आमच्या शेजारची काकी रिकामी टोपली घेऊन उभी. ती रोज तिथे मुऱ्या पकडायची, दगडाखाली लपणारे बोटाएवढे मासे.

“काय गं बाय, नदी गोणीत भरलीस ना? आता माझ्या पोरीला गोणी शिजवून घालू?”

तिची लेक घोलवडला दिलेली, सातवा महिना. नरपडची ताजी समुद्राची मासळी दारात यायची, पण वासानेच उलटी. तिला हवं होतं फक्त आईच्या हातचं मुऱ्यांचं कालवण, आणि पंधरा दिवसांत ती माहेरी येणार होती.

मी धावतच वरच्या मळ्यातल्या काकांकडे गेले. तळ्यातलं पाणी त्यांच्या मिरचीला जायचं.

“पाणी सोडलंस तर माझ्या मिरचीला हंडे तू वाहणार?”

“सगळं नको काका! वरच्या दोनच गोण्या काढू. तळं राहील, वरचं पाणी जाईल.”

“मिरची सुकली तर त्या गोण्या तुझ्या डोक्यावर,” म्हणाले, पण गोण्या उचलायला तेच पुढे.

पाणी खळखळत सुटलं! मी रोज दगड उलटायचे. पाच दिवस काहीच नाही. मग एक बारीक किडा, शेपटीला तीन धागे. मग वाळूची घरं! मी तिथेच ओरडले.

“किड्यांवर नाचतेस? मासे कुठायत?” काकी म्हणाली.

“आधी किडे, मग मासे, काकी!”

“मला शिकवतेस? तू जन्मली नव्हतीस तेव्हापासून पकडतेय.”

लेक आली त्या सकाळी काकीच्या टोपलीत मुऱ्या होत्या, मोजून सात. एका माणसापुरतं कालवण होणार होतं. माझ्या वाट्याला काही येणार नाही हे कळत होतं, तरी मी इतकी खूश होते! घरी येऊन चहाच पीत होते, तेवढ्यात मासे साफ करता करता काकीची हाक आली.

“अगं ये लवकर! तुझा प्रोजेक्ट हिच्या पोटात सापडला!”

काकीच्या अंगठ्यावर चिरलेल्या मुरीचं पोट होतं आणि त्यात किड्याचे तुकडे, सोबत वाळूचे चार कण.